चौपन्न नंबरची फ्रेम

चष्मेवाल्यांच्या दुकानात एक शिस्त होती. गिऱ्हाइकाने फ्रेम उचलली की लगेच आरसा द्यायचा नाही. ती नाकावर नीट बसते का, कानामागे टोचते का, मान खाली घातली की घसरते का, हे सगळं आधी पाहायचं आणि मगच आरसा समोर धरायचा. "दिसण्याची सवय आठवड्यात होते हो," ते म्हणत, "टोचण्याची जन्मात होत नाही." फॅशनेबल फ्रेमवर जीव जडलेल्या कितीतरी जणांना त्यांनी या एका वाक्यावर शुद्धीवर आणलं होतं. सगळी गल्ली त्यांना चष्मेवाले म्हणूनच ओळखायची, आणि हा माणूस भुलणाऱ्यांपैकी नाही, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

असा हा माणूस एका रविवारी सकाळी, चहाचा कप हातात असताना, एका फ्रेमवर भुलला. तीही चष्म्याची नव्हे.

झालं असं की त्यांचे थोरले साडू दारात येऊन उभे राहिले. साडू विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. कुणाच्या घराला कधी आग लागेल आणि कुणाचं हृदय कधी दगा देईल, याचे अंदाज बांधण्यात त्यांची हयात गेलेली. आज मात्र त्यांच्या अंगाला कातडीसारखे चिकटलेले कपडे होते, पायात टकटक वाजणारे बूट होते आणि बगलेत एक काळीभोर रेसिंग सायकल होती.

"सहज चक्कर मारत आलो," साडू म्हणाले आणि सायकल थेट बैठकीच्या खोलीत आणून पुस्तकांच्या कपाटाला टेकवली. "हिला बाहेर नाही ठेवत. उचलून तर बघा."

चष्मेवाल्यांनी ती दोन बोटांनी उचलली आणि ती खरंच उचलली गेली. बारीक दांडे, सुरीच्या पात्यासारखी चाकं. सीट उंच आणि हँडल त्याच्या खाली, असं खाली वाकलेलं की सायकल उभ्या उभ्याच शर्यतीत निघाल्यासारखी वाटावी.

आता साडूसाडूंचं नातं कसं असतं ते सांगायला नको. भांडण कधीच नाही. पण एकाने पडदे बदलले की दुसऱ्याच्या खिडक्या आपोआप उघड्या पडतात. साडू चहा पिऊन गेले, पण चष्मेवाल्यांची नजर कपाटापाशीच्या त्या रिकाम्या जागेवर खिळून राहिली.

"काय बघताय?" बायकोने विचारलं. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करायची आणि माणसाच्या चेहऱ्यावरूनच त्याला सुई कधी टोचायची ते ओळखायची.

"व्यायाम करायला हवा म्हणतो मी."

"मग जिना चढा."

"जिन्याचं वेगळं."

"हो, जिना भावोजींनी घेतलेला नाही ना," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

सायकलच्या दुकानाची मालकीण पूर्वी शर्यतीत उतरणारी होती. एकदा पडून गळ्याजवळचं हाड मोडलं, त्यानंतर तिने दुकान टाकलं. आवाज खणखणीत, बोलणं अखंड. सगळे तिला कॅप्टन म्हणत. चष्मेवाल्यांनी आत पाऊल टाकलं आणि त्याच काळ्या सायकलकडे बोट दाखवलं.

"थांबा, थांबा, काका," कॅप्टन म्हणाली.

"काका" हा शब्द चष्मेवाल्यांना तिथेच लागला. पन्नाशीला अजून अवकाश होता.

"जरा वाका. पायाची बोटं धरा बघू."

चष्मेवाले वाकले. हात गुडघ्यांच्या थोडे खाली गेले आणि तिथेच थबकले.

"बरं. मग तुम्ही ही बघा." तिने कोपऱ्यातली एक करड्या-हिरव्या रंगाची सायकल पुढे ओढली. "हँडल जरा उंच आहे, आणि जवळ आहे. सायकल घेताना सगळे रंग बघतात, वजन बघतात. बघायच्या गोष्टी दोनच: हँडल किती उंच आणि किती लांब. हात तिथवर आरामात गेले तर सायकल आपली, नाहीतर आपण सायकलचे."

चष्मेवाल्यांनी हिरव्या सायकलकडे पाहिलं. समोरची नळी चांगली लांब, त्यामुळे हँडल वर आलेलं. एखादी पोक्त बाई पदर सावरून उभी असावी तशी ती दिसत होती.

"ही म्हाताऱ्यांची दिसतेय," ते म्हणाले. "मला ती काळी हवी. चौपन्न नंबर. आमच्या साडूंनी घेतली तीच. आमची दोघांची उंची अगदी सारखी आहे. आमच्या लग्नातल्या फोटोत आमची डोकी एका रेषेत आहेत."

"उंची सारखी असेल हो. पण देवाने ती कुणाला पायात दिली आणि कुणाला पाठीत, ते फोटोत दिसत नाही. आणि हा चौपन्न म्हणजे बुटाचा नंबर नाही. या कंपनीचा चौपन्न त्या कंपनीच्या छप्पन्नएवढा लांब निघतो."

चष्मेवाले ऐकत होते, म्हणजे मान हलवत होते. त्यांना आरसा मिळाला होता. दुकानाच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब त्या काळ्या सायकलवर बसलेलं दिसत होतं आणि ते प्रतिबिंब तिशीतलं वाटत होतं.

"आणि हे वर काय आलंय?" हँडलच्या वर नळीचा बोटभर तुकडा उरला होता, त्यात काळ्या चकत्या घातलेल्या होत्या. "साडूंच्याही सायकलला हा खुंट आहे. वाईट दिसतं."

"या चकत्या हँडलच्या खाली सरकवल्या की हँडल वर घेता येतं. पुढेमागे लागेल म्हणून ठेवतात."

"काढून टाका. साफ कापा."

कॅप्टनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बिलाकडे पाहिलं आणि करवत घेतली.

सुरुवातीचे काही दिवस चष्मेवाले हवेत होते. पहाटे निघायचे, घामाघूम होऊन परतायचे आणि बायकोकडे पाणी मागायचे ते अशा थाटात, की जणू दऱ्याखोऱ्या ओलांडून आले आहेत. पुढे पुढे मात्र शरीर एकेक तक्रार नोंदवू लागलं. आधी मान, मग खांद्यांच्या मधली जागा. मग एक दिवस दुकानात चष्म्याच्या दांडीचा बारीक स्क्रू बसवताना त्यांच्या हातून तो निसटला. दुसरा घेतला, तोही गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुंग्या येऊन बधिर झालं होतं. समोरची गिऱ्हाईक बाई खाली वाकून स्क्रू शोधायला लागली. "राहू द्या हो," चष्मेवाले म्हणाले, "हे स्क्रूच हल्ली गुळगुळीत येतात."

त्याहून मोठी पंचाईत वेगळीच होती. त्या सायकलवर इतकं ओणवं व्हावं लागे, की चेहरा जमिनीकडे आणि डोळे मात्र कपाळाकडे चढलेले. समोरचा रस्ता चष्म्याच्या काचेतून नव्हे, तर काचेच्या वरून बघावा लागे, आणि काचेच्या वर त्यांच्यासाठी सगळं जग धुक्यात होतं. आख्ख्या गल्लीला दृष्टी देणारा माणूस रोज सकाळी अर्धा आंधळा होऊन फिरत होता. शेवटी त्यांनी स्वतःसाठी भुवयांच्याही वर जाणाऱ्या काचांचा खास चष्मा बनवला. तो घालून ते बैठकीत आले तेव्हा बायकोने पेपर खाली ठेवला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. घुबड दिवसा बाहेर पडत नाही असं ऐकलं होतं."

चष्मेवाले गुपचूप कॅप्टनकडे गेले. हँडल वर घ्या म्हणाले. कॅप्टनने हताशपणे कापलेल्या नळीकडे बोट दाखवलं. वर सरकायला जागाच नव्हती. मग तिने हँडल धरून ठेवणारा पुढचा दांडा बदलून आखूड दांडा बसवला. हँडल थोडं जवळ आलं, पण सायकलचा स्वभाव बिघडला. शिंक आली तरी ती वळायची. "फार आखूड झाला की असं होतं," कॅप्टन म्हणाली. "शर्टाची बाही दुमडता येते काका, खांदा नाही दुमडता येत."

"चालेल, चालेल. छान झालीय," चष्मेवाले म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जायचा नव्हता. कारण अजून कुणापुढे कबूल करायची वेळ आली नव्हती, आणि साडूंपुढे तर येऊच द्यायची नव्हती. साडू फोनवर विचारायचे, "मग, चाललंय ना?" हे म्हणायचे, "पळतेय नुसती! तुमची?" "माझी तर उडतेय." पण एकत्र जाऊ या म्हटलं की कधी यांच्याकडे पाहुणे असायचे, कधी त्यांचं टायर पंक्चर असायचं.

शेवटी दोघी बहिणींनीच बेत ठरवला. गावाबाहेर पाणीपुरवठ्याचा तलाव आहे, तिथे सहलीला जायचं. बायका डबे घेऊन गाडीने येणार, पुरुष सायकलींवर. "एवढ्या सायकली घेतल्यात," थोरल्या ताई म्हणाल्या, "त्या पळताना आम्हालाही बघू दे." नाही कोण म्हणणार? दोघंही एका सुरात "वा, वा" म्हणाले.

सकाळी उन्हं कोवळी होती तेव्हा दोघे निघाले. साडू पुढे, चष्मेवाले मागे. गावाची शेवटची घरं मागे पडेपर्यंत दोघांनीही अब्रू राखली. मग साडू एकदम थांबले.

"काय सुंदर झाड आहे हो," ते म्हणाले.

रस्त्याकडेला एक साधं, धुळीने माखलेलं, अर्धवट वठलेलं झाड होतं. चष्मेवाल्यांनीही पाय टेकून त्याच्याकडे भक्तिभावाने पाहिलं. "असं झाड विरळा," ते म्हणाले आणि पाठीमागे हात नेऊन बोटं झटकली. पुढे एका विहिरीचं सौंदर्य बघून झालं. मग चष्मेवाल्यांना एक महत्त्वाचा फोन आठवला. समोरून कुणी उचलत नव्हतं तरी ते बराच वेळ बोलले.

उताराच्या आधी एक मोरी लागते. तिथे साडू थांबले ते थांबलेच. एक पाय जमिनीवर, दुसरा दांड्यावरून पलीकडे, आणि धड हँडलच्या दिशेने वाकलेलं.

"आता काय बघताय?" चष्मेवाल्यांनी विचारलं, कारण तिथे बघण्यासारखं खरोखर काहीच नव्हतं.

"साडूबुवा," खालून आवाज आला, "हसू नका. मला सरळ करा."

चष्मेवाल्यांनी त्यांना खांद्यांना धरून हळूहळू उचललं, पाय सोडवला, मोरीच्या कठड्यावर बसवलं. साडूंच्या पाठीतून कुलूप उघडल्यासारखा आवाज आला. ते कंबर चोळत बसले.

"खरं सांगू?" शेवटी ते म्हणाले. "कुणाला बोलू नका. आमच्या ऑफिसात नवा साहेब आलाय, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्याच्याकडे ही सायकल आहे. म्हणून घेतली. तुमच्या घरी आलो होतो ना त्या दिवशी? ती गाडीच्या डिकीत घालून तुमच्या कोपऱ्यापर्यंत आणली होती. तिथून पुढे चालवत आलो."

चष्मेवाल्यांच्या मनात त्या क्षणी जे काही झालं, ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. एका कोपऱ्यापासून दारापर्यंत आलेल्या सायकलपायी त्यांनी करंगळी गमावली होती. चांगल्या माणसाने अशा वेळी म्हणावं, "अहो, माझंही तेच." शब्द अगदी ओठांवर आले होते. पण इतक्या वर्षांत साडू पहिल्यांदाच खाली बसले होते आणि हे उभे होते.

"अरेरे," ते म्हणाले. "मला मात्र काहीच त्रास नाही बुवा. उलट मोकळं मोकळं वाटतं."

आणि ते दाखवण्यासाठी ते सायकलवर चढले आणि उतारावर निघाले.

उतार छोटाच होता. पण वळणावर कुणीतरी बांधकामाची वाळू सांडून ठेवली होती, आणि ती घुबडाच्या चष्म्यातूनही उशिराच दिसली. चष्मेवाल्यांनी हँडलला जरा हात लावला; आखूड दांड्याच्या त्या सायकलने तो हुकूम समजून एकदम मान वळवली. पुढच्या क्षणी सायकल गवतात होती आणि चष्मेवाले तिच्या शेजारी, आकाशाकडे बघत. लागलं काही नव्हतं. गवत उंच आणि मऊ होतं.

"पडलात काय?" वरून साडूंनी कमरेत वाकून ओरडून विचारलं.

"नाही, जरा विसावलोय," चष्मेवाले म्हणाले. पडलो तरी नाक वर म्हणतात ते हेच.

नेमकी त्याच वेळी बायकांची गाडी आली. एक नवरा मोरीवर प्रश्नचिन्हासारखा उभा, दुसरा गवतात आडवा. दोघी बहिणी खाली उतरल्या, एकमेकींकडे पाहिलं आणि गाडीला टेकून अशा हसल्या, की ताईंना डोळे पुसावे लागले.

"तुम्हाला माहीत होतं?" चष्मेवाले उठून बसत म्हणाले.

"आम्ही रोज फोनवर काय बोलतो असं वाटतं तुम्हाला?" बायको म्हणाली. "ताईकडे भावोजी कंबर शेकतात, आमच्याकडे तुम्ही मान. औषधांचा दुकानदार मला विचारत होता, घरात कुणी पैलवान आहे का म्हणून. तुम्ही दोघं एकमेकांना मेलात तरी सांगणार नाही. म्हटलं, रस्ताच काय ते सांगेल."

साडूंनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. "मोकळं मोकळं वाटतं काय?" ते म्हणाले.

चष्मेवाले अंगावरचं गवत एकेक काडी करून वेचत बसले. मग न बघताच त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. "ही दोन बोटं," ते म्हणाले. "चिमटा काढला तरी कळत नाही. बघा काढून."

साडूंनी मनापासून काढला.

त्या दिवशी तलावावर डबे खाऊन झाले, सायकली गाडीच्या टपावर बांधल्या गेल्या आणि वरात परस्पर कॅप्टनच्या दुकानी पोचली. तिच्याकडे मागच्या खोलीत माप घ्यायचा एक ठोकळा होता: चाकं नसलेली सायकल, जिचं सीट आणि हँडल हवं तसं वरखाली, मागेपुढे करता येई. कॅप्टनने दोघांना आळीपाळीने त्यावर बसवलं. बहिणी खुर्च्या टाकून समोर बसल्या. दुसऱ्यांदा वरसंशोधनाला आल्यासारखा चेहरा करून.

निकाल विचित्र लागला. चष्मेवाल्यांची उंची सगळी पायांत गेली होती, धड आखूड. साडूंचं नेमकं उलटं, पाय बेताचे आणि धड ऐसपैस. साडूंना त्या काळ्या सायकलची लांबी बरोबर होती. बिघडलं होतं ते असं, की त्यांनी साहेबाची सायकल बघून सीट तेवढंच उंच करून घेतलं होतं. कॅप्टनने ते खाली घेतलं आणि त्या कुरूप खुंटावरच्या चकत्या खाली घालून हँडल वर आणलं. साडू बसले. त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून उलगडल्या.

"म्हणजे यांना चालते," चष्मेवाले सावकाश म्हणाले, "आणि मला नाही?"

"तुमची नळी कापली ना आपण," कॅप्टन म्हणाली. "चूक माझीही आहे. गिऱ्हाईक खूश दिसलं की माझी करवत फार लवकर चालते. पण न कापताही ती तुम्हाला लांबच पडली असती."

"मी म्हणत होतोच," साडू म्हणाले, "सायकल माझ्या मापाचीच होती." हे त्यांनी कधीही, कुणालाही म्हटलं नव्हतं.

मग ती हिरवी आली. नंबर बावन्न. चष्मेवाले म्हणाले, लहान वाटते. कॅप्टन म्हणाली, नंबर कंपनीचा, हात तुमचे. ते रागारागाने बसले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणून निघाले.

हात हँडलवर अलगद पडले. मान सरळ राहिली. आणि समोर, काचेच्या बरोबर मधोमध, रस्ता होता. चष्मेवाल्यांनी कोपरा ओलांडला. रोजच्या रस्त्यावर दुकानांना वरचे मजले आहेत, हे त्यांना नव्याने कळलं. एका गच्चीवर एक बाई कुंड्यांना पाणी घालत होती, शाळेच्या भिंतीवर कुणीतरी हत्ती रंगवला होता. पुढचा कोपराही त्यांनी ओलांडला. ते परत आले तेव्हा दुकानाबाहेर चौघं उभे होते आणि साडू त्यांना शोधायला निघायच्या तयारीत होते.

"कशी आहे?" बायकोने विचारलं.

"म्हाताऱ्यांची आहे," चष्मेवाले म्हणाले. "चांगली आहे."

जुना लांब दांडा परत बसवून काळी सायकल कॅप्टनने विकायला काचेत लावली. महिना गेला असेल नसेल, तिचा फोन आला, गिऱ्हाईक आलंय, या. चष्मेवाले आणि त्यांची बायको आपलं दुकान उघडायच्या आधी तिकडे गेले. गिऱ्हाईक म्हणजे नाच शिकवणारी एक तरुण बाई होती. तिने वाकून आधी तळहात जमिनीला टेकवले, ते बघूनच चष्मेवाल्यांच्या कमरेत कळ आली. मग ती सायकलवर बसली.

चष्मेवाल्यांनी आजवर ती सायकल चालताना फक्त वरून पाहिली होती. कुणी तिच्यावर नीट बसलेलं त्यांनी बघितलंच नव्हतं. बाईची पाठ लांब, सपाट पसरली, कोपरं सैल, मान हलकी. ती रस्त्यावर गेली आणि आवाज न करता निघून गेली, वळणावर जराशी कलली, आणि तिथे सायकल कोणती नि बाई कोणती ते वेगळं सांगता येईना. इतकी सुंदर तर त्या पहिल्या रविवारी साडूंचीही दिसली नव्हती.

चष्मेवाले ती गेली त्या वळणाकडे बघत राहिले. चष्मा काढून त्यांनी काचा पुसल्या, जरा जास्तच वेळ.

"रडताय की काय?" बायको म्हणाली.

"छे. धूळ आहे."

"आहे खरी," ती म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी तिने त्यांना टोमणा मारला नाही. बाई परत आली, धापा टाकत, गाल लाल झालेले, घेते म्हणाली. चष्मेवाल्यांनी सायकलच्या सीटवरून एकदा हात फिरवला, बाईला टायरमध्ये हवा किती ठेवायची ते सांगितलं, आणि हिरवीवर टांग टाकून दुकान उघडायला निघाले. बायको मागच्या रिक्षात होती आणि प्रत्येक सिग्नलला डोकं बाहेर काढून त्यांना लवकर चला म्हणत होती.